मलूखियाला तवंग येईपर्यंत

५ मार्च, रविवार

वारा वायव्येचा, जोराचा. समुद्र खवळलेला. सकाळी दोन जहाजं कालव्याबाहेर थांबून होती.

बिझेर्ताच्या बंदरात चौतीस वर्षं टगबोटीवर काढली, तेव्हा रोज हेच लिहायचो. वारा, पाणी, कोणतं जहाज आत ओढलं, कोणतं बाहेर सोडलं. निवृत्त होताना कचेरीतून एक कोरी नोंदवही घेऊन आलो होतो. सहा वर्षं कपाटात पडून होती, आज काढली. ओढायला आता जहाज नाही, पण घरात जे अडकून बसलंय ते कुठंतरी लिहायला हवं.

माझी बायको शेदलिया पलंगावर आहे. तीन फेब्रुवारीला गच्चीवरून कपडे घेऊन उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. आत लोखंड घालून जोडलंय. डॉक्टर म्हणतात, हाड उत्तम बसलं. व्यायाम करून घ्यायला सिहेम येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. तीही म्हणते, खालांनी एव्हाना वॉकर धरून घरभर फिरायला हवं होतं. पण खाला भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोलणं दोन शब्दांचं. जेवण दोन चमचे सूप.

आणखी एक. गच्चीच्या जिन्याची चौथी पायरी दोन वर्षं हलत होती. "लमीन, तेवढी पायरी बघ," असं तिनं किती वेळा सांगितलं, ते लिहून ठेवलं असतं तर एक वही भरली असती. हे इथंच लिहितो. तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

७ मार्च, मंगळवार

वारा तोच.

सिहेमनं आज पाऊण तास खटपट केली. शेदलिया म्हणाली, "पोरी, माझं झालं. तू जा, दुसऱ्या कुणाला तरी उभं कर."

सिहेम भली मुलगी आहे, चिडली नाही. पण जाताना दाराशी मला हळूच म्हणाली, "काका, हाडाला काही झालेलं नाही. भीती बसलीय. अजून महिनाभर अशाच पडून राहिल्या तर पायातली ताकद जाईल. मग मीच काय, कुणीही आलं तरी उपयोग नाही."

मी मान हलवली. दार लावलं. स्वयंपाकघरात जाऊन अंडी तळली. मला अंडी आणि मॅकरोनी, एवढंच येतं. तिनं ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

१६ मार्च, गुरुवार

बकरी ईद. दलेंदा सूसहून आली. यंदा आमच्याकडे मेंढा नव्हता, तिनंच तिच्याकडचं मटण डब्यातून आणलं. आईचे केस विंचरले, चादरी बदलल्या, सगळं घर पुसलं. मग मला गॅलरीत बोलावलं. आमची लेक अशी बोलावते तेव्हा ठरवून आलेली असते.

"बाबा, हे घर तिसऱ्या मजल्यावर. एक्केचाळीस पायऱ्या. उम्मी इथं कशी राहणार? आमचं घर तळमजल्यावर आहे. नव्या हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवशी, तीन आठवड्यांनी, मी गाडी घेऊन येते, आणि तिला नेते."

"आणि मी?"

"तुम्हीही चला ना."

"तुमच्या घरून बंदर दिसतं का?"

"बाबा," ती म्हणाली, "उम्मीला भिंतीशिवाय काहीच दिसत नाहीये."

आत येऊन तिनं आईला विचारलं. शेदलिया भिंतीकडे बघतच म्हणाली, "न्या कुठंही."

बेचाळीस वर्षं या घरात आहोत. न्या कुठंही! ते दोन शब्द दिवसभर डोक्यात वाजत राहिले.

१८ मार्च, शनिवार

साखर शोधताना कपाटात मलूखियाचा डबा सापडला. गेल्या उन्हाळ्यात तिनंच पानं गच्चीवर वाळवून, दळून, चाळून भरून ठेवलेली. झाकण उघडलं. मेंदीसारखी हिरवी, मऊ पूड, आणि वास असा की मी तिथंच स्टुलावर बसलो. थंडीत भिजून, कडकडत घरी यायचो तेव्हा जिन्यात पहिल्या मजल्यावरच हा वास गाठायचा. मोठं पातेलं, काळपट हिरवा दाट रस्सा, आत बोटानं मोडेल असं मांस. पाव बुडवून खायचं आणि तासभर कुणाशी बोलायचं नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ती न चुकता मलूखिया करते. ज्या घरात त्या दिवशी हिरवं शिजतं, त्या घराचं वर्ष हिरवं जातं. यंदा कोण करणार?

मी करणार. एकदा तरी हिनं पोटभर जेवून मगच या घरातून जावं.

समोरच्या मोंजी खाटकाला सांगितलं तर तो सुरी खाली ठेवून हसायला लागला. "सी लमीन, मलूखिया म्हणजे जहाज ओढणं नव्हे! माझी आई पहाटे चढवायची तेव्हा आम्ही दुपारी तीनला जेवायचो. मधे कुणी झाकण उघडलं तर डाव फेकून मारायची."

"तू मांस दे. उपदेश फुकट नको."

त्यानं गोऱ्ह्याच्या पिंढरीचं मांस दिलं, नळीसकट. म्हणाला, "हे घाईनं शिजवलंत तर चपलेचा तळ होईल. दमानं शिजवलंत तर लोणी."

१९ मार्च, रविवार

वाऱ्याची नोंद घेतली नाही. सवड नव्हती.

सकाळी आठला सुरुवात. कृती विचारायला खोलीच्या दारात उभा राहिलो.

"आधी काय घालायचं?"

मग भिंतीकडूनच आवाज आला, "तेल."

"किती? वाटीभर?"

"वाटीभर तेलात मलूखिया? अंडं तळतोयस का?"

तीन वाट्या घातलं. त्यात पूड घोटायची, आच मंद. मग उकळतं पाणी. इथवर ठीक. पाणी ओतलं, गॅस मोठा केला आणि मांसाला लसूण चोळायला वळलो. वळतो तोच मागं फस्स असा आवाज! सगळं पातेलं उतू गेलं. शेगडी, ओटा, भिंत, माझी विजार, चपला, सगळं हिरवं. मी झाकण दाबून धरलं तर ते कडेनं दुप्पट जोरानं बाहेर.

"लमीन! काय जळतंय?"

"काही नाही!"

"काही नाहीचा असा वास येत नसतो! गॅस बारीक कर, गाढवा, झाकण काढ!"

कोपरापर्यंत हिरवा होऊन खोलीत गेलो, आता काय करू विचारायला. ती पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसली होती, एक हात उशाच्या लाकडावर. माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. पडल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "चौतीस वर्षं समुद्रात काढलीस, पण असा बुडालेला कधी आला नव्हतास!"

मला राग आला. मी फरशी पुसायला गेलो. तिला उठून बसायला कुणी मदत केली, ठाऊक नाही. आपलीआपण बसली असेल. मांस शेवटी नुसत्या पाण्यात उकडलं. चपलेचा तळ झाला. मोंजीला सांगायचं नाही.

२१ मार्च, मंगळवार

सिहेम आली तेव्हा शेदलिया पलंगाच्या कडेवर बसून मला पातेलं कसं घासायचं ते सांगत होती. सिहेम दारातच थबकली.

"काका, यांना कुणी बसवलं?"

"कुणी नाही. ती मला शिव्या घालतेय."

सिहेम म्हणाली, "घालू द्या, घालू द्या." व्यायामाला येते की करमणुकीला, कळत नाही.

२४ मार्च, शुक्रवार

दुसरा प्रयत्न. उतू गेली नाही. पण गुठळ्या! शेंगदाण्याएवढ्या. खोलीत जाऊन सांगितलं तर म्हणते, "आण बघू इकडे पातेलं."

"उकळतं पातेलं पलंगावर आणू?"

"मग मला तिकडे ने."

तेवढ्यात सिहेम आलीच होती. तिनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. शेदलिया चार पावलं टाकून खुर्चीत बसली, आम्ही खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणली. मग तासभर माझी शाळा. तेल गार असतानाच पूड घालायची, गरम झाल्यावर नाही. घोटणं थांबवायचं नाही. लसूण, मीठ, धणे-शहाजिऱ्याची पूड आणि लाल मिरचीचं वाटण मांसाला आदल्या रात्रीच चोळून ठेवायचं. पाणी उकळतंच हवं. मांस लगेच घालायचं नाही, आधी रस्सा तासभर एकटा शिजू द्यायचा.

"हे सगळं तू आधी का नाही सांगितलंस?"

"बेचाळीस वर्षांत तू आधी का नाही विचारलंस?"

सिहेम तोंडावर हात धरून हसली. मी गुठळ्या गाळत बसलो. एवढं सगळं तिला पाठ आहे आणि मला त्यातली एक ओळही माहीत नव्हती, हे काही बरं वाटलं नाही.

आजची खायच्या लायकीची झाली. शेदलियानं सहा घास घेतले. नोंद: सहा.

२६ मार्च, रविवार

वारा पडलेला. पाणी तेलासारखं.

गच्चीच्या जिन्याची चौथी पायरी आज नवी बसवली. हातोड्याचा आवाज सगळ्या घरात घुमत होता. खाली आलो तर शेदलिया छताकडे बघत पडली होती.

म्हटलं, आज बोलून टाकू. "पायरी दोन वर्षं हलत होती. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "मला काय ठाऊक नव्हतं? दोन वर्षं मी ती ओलांडूनच उतरत होते. त्या दिवशी एक मोठं पांढरं जहाज आत येत होतं, पुढं दोन टग. मी बघत राहिले. वाटलं, लमीन असता तर कुठल्या बाजूनं ओढलं असतं."

ती पुढं म्हणाली, "पडण्याचं काही नाही रे. पडल्यावर सगळे बघत बसतात ते वाईट. सिहेम, दलेंदा, तू. सगळे माझ्या पायांकडे बघता. तोंडाकडे कुणी बघत नाही."

"मग मी काय करू?"

"तू पातेल्याकडे बघ."

तेव्हा आता मी पातेल्याकडेच बघणार आहे.

२८ मार्च, मंगळवार

तिसरा प्रयत्न. सकाळी साडेसातला चढवली. दहा वाजेपर्यंत सगळं सुरळीत. मग शेदलियानं हाक मारली, "संत्र्याची साल घातलीस का? नाही? संत्र्याच्या सालीशिवाय मलूखिया? जा, बाजारातून आण. आणि घाई करू नकोस, चांगलं बघून घे."

गेलो. वाटेत जुना सोबती भेटला, कॉफीला बसलो. बोलता बोलता बारा वाजले आणि एकदम आठवलं, गॅस मोठाच राहिलाय! एक्केचाळीस पायऱ्या धावत चढलो. छाती फुटायची वेळ आली. घरात शिरतो तो काय, गॅस बारीक. अगदी थेंबाएवढा निळा. पातेल्यात तळाला जरासुद्धा लागलेलं नाही. डाव बशीत नीट ठेवलेला. शिवाय वर दोन तमालपत्रं तरंगत होती.

जाताना मीच गॅस बारीक करून गेलो असणार, तमालपत्रंही मीच घातली असणार. आठवत नाही. वय झालं की हात आपोआप बरोबर करतात आणि डोकं मागं राहतं.

खोलीत डोकावलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, श्वास जरा जोरात चालला होता. स्वप्न पडलं असेल. बाहीला हिरवा डाग होता. सकाळी मी चव दाखवायला चमचा नेला तेव्हा सांडला असेल. वॉकर पलंगाच्या उलट्या बाजूला. सिहेम वस्तू जागेवर ठेवत नाही.

चव जवळजवळ तिच्या हातची. फक्त वर तेल आलं नाही. तेल वर तरंगून आलं, तवंग धरला, म्हणजे मलूखिया झाली, असं ती म्हणते. ते काही अजून जमत नाही.

३१ मार्च, शुक्रवार

सिहेम आली की आता दार लावून घेतात. आतून ठक ठक आवाज येतो, मधेच हसणं. मला मात्र बाहेर पिटाळतात. आज मीठ आणायला पाठवलं. मीठ घरात होतं.

मोंजी म्हणाला, "सी लमीन, काल सकाळी लल्ला शेदलिया गॅलरीत दिसल्या. मी सलाम केला, त्यांनी हात केला."

मी म्हटलं, "मोंजी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. चादर वाळत घातली होती."

"चादरीनं हात केला?"

"वारा होता."

२ एप्रिल, रविवार

चौथा प्रयत्न, अर्ध्या मापानं. पूड संपत आली होती, पण शेदलिया म्हणाली वरच्या फळीवर मागं आणखी एक डबा आहे. मी महिनाभर ते कपाट उपसतोय, मला दिसला नव्हता. आता समोरच होता.

आज ती अर्धी बशी जेवली. पाव मागून घेतला. पण मी आनंदानं नाचावं तर संध्याकाळी दलेंदाचा फोन आला. गुरुवारी सकाळी निघते, उम्मीची बॅग भरून ठेवा, पुढच्या सीटवर उशा लावून आणते.

फोन ठेवून मी सरळ विचारलं, "शेदलिया, तुला जायचंय का?"

ती म्हणाली, "ते गुरुवारी बघू."

म्हणजे जायचंच आहे. नसतं तर नाही म्हणाली असती. मी पातेलं घासायला घेतलं. खूप वेळ घासलं. स्वच्छ झाल्यावरही घासत होतो.

५ एप्रिल, बुधवार

मोंजीनं सर्वांत चांगली पिंढरी राखून ठेवली होती. नळीत मगज भरपूर. "उद्या वास रस्त्यापर्यंत आला नाही तर मी दुकानाची पाटी उतरवीन," म्हणाला. लसूण, मीठ, मसाला चोळून मांस झाकून ठेवलंय. हात अजून झणझणतायत.

बॅग भरायला घेतली होती. दोन झगे घातले आणि परत काढले. दलेंदा भरेल.

६ एप्रिल, गुरुवार. वर्षाचा पहिला दिवस.

वारा आग्नेयेचा, मंद. आकाश निरभ्र. आजची नोंद सविस्तर करतो.

पावणेसहाला उठलो. गार तेलात पूड. मंद आचेवर घोटत राहिलो, हात भरून आला तरी थांबलो नाही. एकही गुठळी नाही. उकळतं पाणी एकेक पळी. उतू यायला लागली तेव्हा गॅस बारीक केला आणि डाव आडवा धरला. पातेल्यातच बसली. साडेसातला मांस आत. तमालपत्रं, संत्र्याची साल. झाकण.

मग वाट बघणं. टगबोटीवरही निम्मं काम वाट बघण्याचंच असायचं.

अकराला झाकण उघडलं. रंग बरा, पण पातळ. तवंग नाही. साडेअकराला उघडलं. नाही. बाराला दलेंदा आली. खाली गाडी उभी केली, पुढची सीट मागे पाडून तीन उशा आणि घोंगडी ठेवलेली वरूनच दिसली. मी डाव पातेल्यात घालून उगाच ढवळलं. दलेंदानं माझा गाल चुंबला, "बाबा, हे काय, तुम्ही स्वयंपाक?" एवढं म्हणून ती आईची बॅग भरायला गेली.

साडेबाराला पुन्हा झाकणाला हात घातला, तर खोलीतून आवाज आला, "लमीन! झाकण ठेव."

"तेल येत नाहीये!"

"येईल. सारखं कुणी बघत राहिलं की ते येत नाही. गॅलरीत जाऊन बस."

गॅलरीत बसलो. बंदरात एक तेलवाहू जहाज येत होतं, पुढं एक टग. मला त्याच्याकडे बघवेना. मनात आलं, सहा तास शिजवून हे असंच हिरवं पाणी राहणार, लेक आईला घेऊन जाणार, आणि मी उद्यापासून अंडी. खरंच सांगतो, डोळे भरून आले. खाली मोंजी दुकानाच्या दारात उभा होता. नाक वर करून त्यानं हवा हुंगली आणि दोन्ही हात वर केले. मला वाटलं चिडवतोय.

दोनला आत गेलो. झाकण उचललं.

तवंग! कडेपासून कडेपर्यंत, जाड, चकचकीत, गडद हिरवं तेल, आणि खाली रस्सा काळपट, शांत, एकच बुडबुडा मधून मधून फुटतोय. डाव मांसाला लावला तर ते हाडावरून आपण होऊन सुटलं. चव घेतली. तिचीच! जिन्यात पहिल्या मजल्यावर गाठायची तीच. मी एकटाच ओट्यासमोर उभा राहून मोठ्यांदा ओरडलो, जहाज धक्क्याला लागल्यावर ओरडायचो तसा.

मोठी बशी भरली, नळी वर ठेवली, पलंगावर न्यायला वळलो. आणि शेदलिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उभी. निळा झगा घातलेला, केस बांधलेले, एक हात चौकटीवर. वॉकर नव्हता. तिच्या मागं दलेंदा, हातात अर्धी भरलेली बॅग, तोंड उघडं.

"मला पलंगावर वाढू नकोस," शेदलिया म्हणाली. "टेबलावर वाढ. माणसासारखं जेवू दे."

मी पुढं झालो. "हात लावू नकोस," ती म्हणाली. "बशी सांभाळ. सांडशील."

दारापासून टेबलापर्यंत अकरा पावलं. मी मोजली. सातव्या पावलाला ती थांबली, टेबलाकडे बघत श्वास घेतला, पुन्हा निघाली. अकराव्याला खुर्चीची पाठ धरली आणि बसली. दलेंदानं बॅग जमिनीवर टाकली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली. शेदलिया तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अगं रड, पण आधी जेव. गार झाली की तेल गोठतं."

मलूखियात ताकद असते हे मी ऐकून होतो. पण नुसत्या वासानं माणूस उठून चालायला लागतं, हे आज डोळ्यांनी पाहिलं. उद्या सिहेमला सांगणार आहे. तिनं इतर रोग्यांसाठीही विचार करावा.

जेवताना कुणी बोललं नाही. पाव बुडवायचा, मांस मोडायचं, बोटं चाटायची. शेदलियानं नळी ठोकून मगज काढला, निम्मा माझ्या बशीत टाकला. दोन बशा जेवली. दलेंदानं बशी पावानं पुसून आरशासारखी केली आणि म्हणाली, "उम्मी, खरं सांग. ही बाबांनी केली?"

"त्यांनीच. मी पलंगावरून उठलेसुद्धा नाही," शेदलिया म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की ठसका लागला. यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. मीच केली आहे. साक्षीला मोंजी आहे.

मग दलेंदा हळूच म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस."

"येणार ना. उन्हाळ्यात, पाहुणी म्हणून. आठ दिवस. हे घर, हे बंदर, हा गृहस्थ, तिन्हींना सांभाळायला माणूस लागतं."

मी खिडकीकडे तोंड केलं. बंदरात काय चाललं होतं, विचाराल तर सांगता येणार नाही. काही दिसत नव्हतं.

चारला दलेंदा निघाली. शेदलिया म्हणाली, "थांब, मी खालपर्यंत येते." आम्ही दोघंही ओरडलो. ती ऐकते थोडीच. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं माझा खांदा, आणि वॉकर घेऊन दलेंदा पुढं. आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा. हे कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाली, "सिहेमनं. दार लावून आम्ही काय पत्ते खेळत होतो?" एक्केचाळीस पायऱ्यांना पंचवीस मिनिटं. रस्त्यावर पाऊल टाकलं तेव्हा मोंजी रक्ताळलेल्या एप्रनसकट धावत बाहेर आला, "लल्ला शेदलिया!" असं ओरडला आणि टाळ्या पिटायला लागला. समोरच्या गॅलरीतल्या बायकांनी लग्नात काढतात तसा जिभेचा लांबलचक ललकार काढला. एकीनं सुरू केला, मग सगळ्या गल्लीनं. शेदलिया वॉकरला धरून उभी, मान ताठ, नवरीसारखी. मोंजी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काय सी लमीन, चादर?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

दलेंदानं गाडीचं दार उघडलं. आईसाठी मांडलेल्या तीन उशा, घोंगडी. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग मी वरून आणलेलं झाकणबंद पातेलं, जावयासाठी काढलेल्या मलूखियाचं, तिच्या हातात दिलं. तिनं ते उशांच्या मधोमध बसवलं, भोवती घोंगडी गुंडाळली, वरून पट्टा लावला. आणि आमची लेक मलूखियाला शेजारी बसवून सूसला गेली.

परत चढायला पन्नास मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर शेदलिया थांबून दम घ्यायची आणि माझ्या चुका सांगायची. पहिल्या मजल्यावर: मीठ चिमूटभर कमी. दुसऱ्यावर: लसूण अजून चालला असता. तिसऱ्यावर काही बोलली नाही. दारात टेकून उभी राहिली, घामानं डबडबलेली, गाल लाल.

"बस," मी म्हटलं. "खुर्ची आणतो."

"नको. भूक लागली."

मोठ्या पातेल्यात तळाशी दोघांपुरती होती. बशा काढल्या नाहीत. पाव मोडून शेगडीजवळच खाल्ली, पातेलं पुसून पुसून, दोघांनी, उभ्यानं.